पाचव्या मात्रेला डावाच पाय

"मॅडम, मला नाचता येत नाही आणि कॉलेजात नाचाचा विषय घेऊन बसलेय. वर्गात सगळ्या लहानपणापासून शिकलेल्या आहेत. सोडू का?"

मी समुपदेशक आहे. जुलै-ऑगस्ट आला की हा प्रश्न माझ्याकडे येतो. शब्द थोडे इकडचे तिकडे. मुलगा असला तर "मित्रांना कळलं तर चिडवतील" एवढी भर. नवीन शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून पदवीच्या मुलांना मुख्य विषयांच्या जोडीला योग, खेळ, संगीत, नृत्य असं काही श्रेयांकासाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, घेता येतं. त्यामुळे आयुष्यात कधी पाय न हलवलेली मुलंही आता नाचाच्या हॉलमध्ये उभी राहतात. मला हे फार चांगलं वाटतं. पण घाबरलेल्या मुलाला "सोडू नकोस, जमेल" एवढं सांगून भागत नाही, हे मला एका मुलीमुळे नीट कळलं. तिला विचारूनच लिहिते आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. सोलापूरच्या पूर्व भागात घर, घरात तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. माझ्याकडे आली ती पोटदुखीसाठी. दोन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. कळ बुधवारी रात्री सुरू व्हायची आणि शुक्रवारी दुपारी आपोआप थांबायची. गुरुवारी-शुक्रवारी काय असतं, असं विचारल्यावर ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली.

"डान्सचा तास असतो, मॅडम. सकाळी साडेसातला. मला काहीच जमंना झालंय."

अभ्यासक्रम तिनं वहीत लिहून आणला होता. कथक, भरतनाट्यम, महाराष्ट्राची लोकनृत्यं आणि शेवटी हिपहॉप. दोन श्रेयांक. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे एकूण ६० तास, म्हणजे एका शैलीच्या वाट्याला साधारण १५. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देणाऱ्या मुली प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या चढतात आणि त्यात कित्येक वर्षं जातात. १५ तासांत कथकशी फक्त तोंडओळख होते. हे मी तिला सांगितलं, तिनं मान हलवली, पण त्यानं तिचं काही हललं नाही. हिशोब पटला तरी पोट दुखायचं थांबत नाही.

मग मी विचारलं, "तू उभी कुठे राहतेस?"

"एकदम मागं. कोपऱ्यात."

नवशिकी मुलं हमखास इथंच फसतात. मागं उभं राहिलं की आपण दिसणार नाही असं वाटतं. पण तिथून शिकवणाऱ्या बाईंचे पाय दिसत नाहीत. दिसतात त्या पुढच्या मुली, म्हणजे त्यांच्या चुका आणि त्यांचा डौल, दोन्ही. शिवाय नाचात केव्हा ना केव्हा सगळ्यांना मागं वळायचं असतं. वळलं की शेवटची रांग पहिली होते आणि समोर बघून करायला कोणीच उरत नाही. तिचं नेमकं तेच झालं होतं. तिसऱ्या तासाला बाईंनी सगळ्यांना वळवलं, ही हॉलच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि हात तसेच हवेत राहिले. मागून कोणीतरी हसलं. ते हिच्यावरच होतं की नाही, कोण जाणे. तेव्हापासून ती गेलेलीच नव्हती.

मी तिला दुसऱ्या रांगेत उभं राहायला सांगितलं. मध्यभागी नाही, थोडं बाजूला, दोन मुलींच्या मधून बाईंचे पाय दिसतील अशा जागी. "पुढच्या दोन तासांत काही शिकायचं नाही. फक्त जागा पकडायची आणि पाय बघायचे." धीर धर, आत्मविश्वास ठेव, असं मी मुलांना सहसा सांगत नाही. तो कुठून आणायचा ते त्यांना ठाऊक नसतं. जागा बदलणं मात्र त्यांच्या हातात असतं.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा पोट थोडं कमी दुखलं होतं, पण चेहरा पडलेलाच. तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या ठेक्यात, ती दर वेळी एकाच ठिकाणी अडकत होती. मी म्हटलं, दाखव. ऑफिसात खुर्च्या बाजूला सारल्या, तिनं चपला काढल्या.

ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. उजवा, डावा, उजवा, डावा. इथवर ठीक. पाचव्या मात्रेला "आ" म्हणताना तिनं पुन्हा उजवा टाकला आणि थांबली. कथकच्या या पहिल्या पाठातच ती खोच आहे. चौथ्या मात्रेला डावा पडतो आणि पाचव्यालाही डावाच. शरीर म्हणतं, आता उजव्याची पाळी. पाय म्हणतो, नाही, माझीच. मी लहानपणी दोन वर्षं कथक शिकले होते, म्हणून मला ती जागा ओळखू आली. अगदी शिकलेल्या मुलींनाही पहिल्या आठवड्यात तिथं ठेच लागलेली असते, फक्त त्यांना ती आता आठवत नाही.

"तू मोजतेस कशी?"

वर्गात बाई कधी बोल म्हणायच्या, कधी वन-टू-थ्री-फोर, कधी एक-दोन-तीन-चार. ती मनात घाईघाईनं सगळ्याचं तेलुगू करत होती आणि तेवढ्यात मात्रा निघून जात होती. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. वर्गात तेलुगू बोललं तर हसतील, अशी भीती.

"मग तेलुगूतच मोज की. मोठ्यानं."

आधी तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. मग हळू आवाजात सुरू केलं. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू... "ऐदू"ला पाय पुन्हा चुकला. परत. मी तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर ओढणीच्या दोऱ्यासारखी एक पिवळी दोरी बांधली, फायलीची होती. "नालुगूला हा आणि ऐदूलाही हाच." चौथ्या की पाचव्या वेळेला ते बसलं. सोळा मात्रा पूर्ण झाल्या, सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा, आली, आणि ती तिथंच उभी राहून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. हसली नाही. फक्त म्हणाली, "परत करू का?"

परत केलं. बाहेर पुढचा मुलगा वाट बघत बसला होता, तरी मी तिला थांबवलं नाही.

तरीही तिसऱ्या भेटीला ती दोन तास बुडवूनच आली. आता मला वेगळंच काही कळलं. एका मुलीनं वर्गाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला होता. त्यात मागच्या कोपऱ्यात ही, एकटीच उलट्या बाजूला वळलेली. खाली हसण्याच्या चार-पाच खुणा. हे ती मला पहिल्या भेटीत सांगू शकली नव्हती. मुलं आधी पोट दुखतं म्हणतात, मग पाय चुकतात म्हणतात आणि खरं कारण शेवटी, उठता उठता सांगतात. तिची परवानगी घेऊन मी कॉलेजातल्या बाईंशी बोलले. नाव न घेता. त्यांनी त्या आठवड्यापासून तासाच्या वेळी सगळे मोबाईल पिशवीत ठेवायला लावले आणि कारणही सगळ्यांसमोर नीट सांगितलं. शिकताना आपलं अंग वेडंवाकडं दिसणारच, ते कोणी साठवून ठेवायचं नसतं. मला वाटतं, नवशिक्यांच्या प्रत्येक वर्गात हा नियम पहिल्या दिवशीच लावायला हवा.

त्यांच्याकडूनच मला आणखी एक गोष्ट कळली. जिच्याकडे बघून ही मुलगी खचली होती, ती पहिल्या रांगेतली सात वर्षं भरतनाट्यम शिकलेली होती. आणि तिचेही हाल चालले होते. भरतनाट्यमात अर्धमंडलात बसायचं, गुडघे बाहेर काढून. कथकमध्ये गुडघे सरळ आणि अंग ताठ. सात वर्षांची सवय तिला उभंच राहू देत नव्हती. पुढे हिपहॉप आलं तेव्हा तर ती रडलीच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७०च्या दशकात रस्त्यावर, अंगणात, पार्ट्यांत वाढलेल्या त्या संस्कृतीतला नाच. त्यात गुडघे सैल, वजन खाली, छाती मोकळी. तिची पाठ सैल व्हायलाच तयार नाही. निरनिराळ्या शैलींच्या अशा वर्गात दर महिन्याला शरीराचा नियम बदलतो आणि प्रत्येकाला परत पहिल्या पायरीवर यावं लागतं. ज्यांच्या अंगात आधीचं काही मुरलेलं नाही, त्यांना काही वेळा ते सोपंही जातं.

मधेच तिच्या आईंना बोलवावं लागलं. लोकनृत्यांत लेझीम, कोळीनृत्य, धनगरी गजनृत्य होतं तोवर घरी कोणी काही बोललं नव्हतं. यादीत लावणी दिसली आणि वडील म्हणाले, तसलं नको. आई आल्या, पदर सावरून खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी झालेली. मी लावणीची बाजू मांडायला गेले नाही. नाचणाऱ्या बाईला आपल्याकडे काय काय ऐकावं लागलंय, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक असणार. मी विचारलं, "अक्का, तुम्ही बतुकम्मा खेळता का?"

त्या एकदम खुलल्या. लग्नाआधी रात्र रात्र खेळायच्या. मधे फुलांची उतरंड, भोवती बायकांचं रिंगण, वाकून टाळी, उठून टाळी, गाणं म्हणत पुढं सरकायचं. त्यांनी बसल्या बसल्या हातांनी दाखवलं. मुलगी बघतच राहिली.

"हा नाचच झाला की, अक्का."

"हा खेळ आहे," त्या म्हणाल्या. "देवीचा." आणि थोड्या वेळानं, "पण पाय तालात पडायला पाहिजेत, नाहीतर रिंगण मोडतं."

लावणीला त्या हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. त्या दोन आठवड्यांत मुलगी तासाला गेली आणि घरी कोणी विचारलं नाही. मी ते तसंच राहू दिलं. घरातल्या प्रत्येक गाठीला समुपदेशकानं हात घालायलाच हवा, असं मला वाटत नाही.

एक सूचना इथं द्यायलाच हवी. त्यांच्या हॉलला शहाबादी फरशी आहे. अशा कडक जमिनीवर अनवाणी तत्कार किंवा अडवू, म्हणजे भरतनाट्यमचे मूळ पदन्यास, केले की पहिले काही दिवस पोटऱ्या भरून येतात, ते साहजिक आहे. पण नडगीचं हाड किंवा गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर भिडेखातर पाय आपटत राहू नका. बाईंना सांगा, बसून हातानं ताल धरा, गरज पडली तर डॉक्टरला दाखवा. या मुलीनं एक तास असा बसून काढला आणि त्या तासात तिला सोळा मात्रांच्या तीनतालातल्या टाळ्या आणि 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा, कुठं येते ते पक्कं समजलं.

सत्र संपल्यावर ती भेटायला आली. पोटदुखी गेली होती. शेवटच्या सादरीकरणासाठी तिनं लेझीम निवडली होती. मी विचारलं, "कथक का नाही? तत्कार तर छान बसला होता."

"मला कथक आवडलं नाही, मॅडम."

किती सरळ सांगितलं तिनं! जुलैत हीच मुलगी "मला जमत नाही" म्हणून रडत होती आणि आवडतं की नाही, या प्रश्नापर्यंत पोचलीच नव्हती. आता सोळा मात्रा नीट घेऊन, सम गाठून, मगच ती ठरवत होती.

"आणि हिपहॉप?"

ती लाजली. "ते आवडलं. पण पप्पांना सांगू नका."

मग तिनं पिशवीतून पिवळी दोरी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या फायलीची होती."