सुतारपक्ष्यांची कणगी

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला मुलाकडे आले आहे. इथे टेकडीवर एका म्हाताऱ्या ओकच्या खोडाला हजारो भोकं आहेत आणि भोकाभोकांत ओकचं एकेक फळ ठोकून बसवलेलं आहे. हे सुतारपक्ष्यांचं काम, असं कळलं. माझ्या फोटोत मात्र नुसते सपाट ठिपके दिसतात आणि जवळ गेलं की पक्षी उडतात. शिवाय झाडाला इजा होत नसेल का? – एक वाचक

उत्तर: ताई, तुम्ही बहुतेक भर दुपारी जात असाल. सकाळी ऊन तिरपं असताना जा आणि ते खोडाला एका कडेने घासून जाईल अशा ठिकाणी उभ्या राहा. मग भोकाच्या काठाची सावली आत उतरते आणि फळाचं तपकिरी बूड चमकतं. टोक आत, बूड बाहेर, असंच ते बहुधा बसवतात.

कार्मेल व्हॅलीत अशाच एका झाडासमोर मी चार सकाळी काढल्या. पहिल्या दिवशी मीही थेट खोडाशी गेले आणि अख्खं कुटुंब कलकलाट करत उडालं. दुसऱ्या दिवशी तीसेक पावलं मागे, दुसऱ्या झाडाला टेकून गप्प बसले. थोड्या वेळाने ते आपणहून परतले. कणगी राखायलाच हवी, खारी आणि इतर पक्षी टपलेले असतात! एकाने ढिलं झालेलं फळ उपसलं, एका भोकात लावून पाहिलं, बसेना. दुसऱ्यात फिरवलं. तिसऱ्यात घट्ट बसलं, तेव्हा चोचीने दोन ठोके दिले. फळ वाळलं की आक्रसतं, म्हणून त्याला लहान भोक शोधावं लागतं. फोटो काढायचा तो या घडीचा. मी 400 मिमी लेन्स आणि 1/1000 सेकंद शटरचा वेग ठेवला होता.

नर-मादीही ओळखता येतात. नराची लाल टोपी पांढऱ्या कपाळाला भिडते, मादीच्या मध्ये काळी पट्टी असते.

झाडाची काळजी नको. भोकं बहुतेक वाळक्या फांद्यांत आणि जाड सालीत असतात. एकेका झाडावर 50,000 पर्यंत भोकं भरतात. ती पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे, म्हणून एकही फळ उपसून पाहू नका. मोबाइलवर आवाज लावून पक्ष्यांना बोलावूही नका. पॉयझन ओक नावाच्या तीन-तीन पानांच्या झुडपापासून जपा, अंगावर फार वाईट पुरळ उठतं.

ऑक्टोबरपर्यंत मुक्काम असेल तर पुन्हा जा. तेव्हा नवी फळं पिकतात आणि कणगी भरायची धांदल चालू असते.