हरभरा पिवळा पडलाय, उभ्या पिकात डीएपी फेकला तर चालेल का?

फेकू नका. प्रश्न वाचून माझा चुलतभाऊच विचारतोय की काय असं वाटलं, म्हणून जरा लांबण लागणार.

आमची रानं बांधाला बांध लागून. हरभरा वीतभर झाला की तो डीएपी (नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं दाणेदार खत) फोकतो आणि पीक हिरवंगार झालं की मला ऐकवतो, "बघ, स्फुरद लागू पडलं." अरे बाबा, ते नत्र! १०० किलो डीएपीत ४६ किलो स्फुरद असतं, तसं १८ किलो नत्रही असतंच की. स्फुरद पडलं तिथेच बसतं. मुळाकडे सरकतं ते मिलिमीटरांच्या हिशोबात, आणि चुनखडीच्या रानात तर कॅल्शियम त्याला धरूनच ठेवतं. वरचा थर सुकला की तिथे मुळंही काम करत नाहीत.

एकदा मी दोन्हीकडची झाडं ढेकळासकट खणून काढली आणि बादलीत हलवून माती सोडवली. (उपटू नका, मुळांवरच्या गाठी तुटून मातीत राहतात. हवेतलं नत्र धरणारे जिवाणू त्यातच असतात.) माझ्या झाडाच्या सोटमुळावर गाठींचे घोस, नखानं फोडल्या तर आत लालसर गुलाबी, म्हणजे कामाच्या. त्याच्याकडे चार-दोन बारीक गाठी, त्याही आतून पांढरट. आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना पोसायचं कमी करतं. यावर त्याचं उत्तर काय, तर "तुझं बियाणं चांगलं होतं." एकाच पोत्यातलं, दोघांनी वाटून घेतलेलं बियाणं!

'कडधान्य स्वतःचं नत्र बनवतं, त्याला खत कशाला' म्हणणारेही तसलेच. नत्राचा एक रेणू फोडायला गाठीतल्या जिवाणूंना किमान १६ एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारे, स्फुरद असलेले रेणू) लागतात, आणि स्फुरदाशिवाय एटीपी कुठून आणणार?

म्हणून स्फुरदाची पूर्ण मात्रा पेरतानाच, बियाण्याच्या बाजूला आणि दोन बोटं खाली. मी सिंगल सुपर फॉस्फेट वापरतो. स्फुरद १६ टक्केच, गोण्या जास्त वाहाव्या लागतात, पण सोबत ११ टक्के गंधक मिळतं. डीएपी पेरून दिलात तरी हरकत नाही, माझा राग फेकण्यावर आहे.

आता तुमचा पिवळेपणा. स्फुरद कमी पडलं तर पान सहसा पिवळं पडत नाही. झाड खुजं राहतं, पान गडद, निस्तेज, कधी जांभळट दिसतं. खालची पानं आधी पिवळी असतील तर नत्राची ओढ, म्हणजे गाठी तपासा. शेंड्याची पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. पाणी साचलंय का तेही बघा. फोटोशिवाय याहून जास्त सांगता येणार नाही.

स्फुरद द्यायचं हे सगळं, माती परीक्षणात ते कमी असेल तर. आधीच भरपूर असेल तर देऊच नका, पिकाला जस्त मिळणं अडतं. ठिबकमधून विद्राव्य खत देत असाल तर गणित वेगळं.

आणि हो, फुलोऱ्यात २ टक्के डीएपीची फवारणी करतात, ती चालते. चुलतभाऊ दर वेळी तिचाच दाखला देतो. पण ते १०० लिटर पाण्याला २ किलो, रात्रभर भिजवून वरची निवळी गाळून घेतलेली, आणि जातं पानातून. त्यावरून अख्खी गोणी रानात फोकायची परवानगी कशी निघते, हे त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.