शेतात खणताना काळा पट्टा लागला, त्यावरून तिथे हजारो वर्षांपूर्वी शेती होती असं म्हणता येतं का?

म्हणजे गुजरातेत बडोद्याकडच्या पादऱ्याजवळ तुमच्या मामांनी तलावडी खणली, कमरेएवढ्या खोलीवर काळसर पट्टा लागला, त्यात दोन-चार खापऱ्या निघाल्या आणि आता अख्खं गाव म्हणतंय की इथे आदिमानव शेती करायचा. मातीवरून शेती कळते हो, पण पट्टा काळा आहे एवढ्यावरून नाही कळत. मी इथेच बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व शिकलो, आता पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण मातीचा नाद काही सुटला नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी बघायचं की पट्टा जागच्या जागी तयार झालाय की वाहून आलाय. जमीन बरीच वर्षं तशीच पडून राहिली, गवत-झाडोरा वाढून कुजला की वरचा थर काळपट होतो, मग त्यावर पुराचा गाळ बसला की ती जुनी जमीन खाली दबून राहते. अशा जमिनीचा रंग खाली खाली हळूहळू फिका होत जातो, मुळांच्या बारीक नळ्या दिसतात. नांगरलेली असेल तर नांगर पोचतो तिथपर्यंत सगळं एकसारखं कालवलेलं आणि खालची कड कापल्यासारखी सरळ. नशीब जोरावर असेल तर तासच, म्हणजे नांगराने पाडलेल्या सऱ्याच सापडतात, जसे राजस्थानात कालीबंगनला सापडले. 1960च्या दशकातलं उत्खनन, शेत साधारण इ.स.पू. 2800चं, एका दिशेचे तास 30 सेंटीमीटरवर आणि त्यांना आडवे दुसरे 1.90 मीटरवर, आणि गंमत म्हणजे त्या भागात खोदकामाच्या वेळीही शेतकरी तशीच आडवी-उभी पेरणी करत होते, एकात मोहरी, दुसऱ्यात कडधान्य. पण असं दर वेळी कुठलं मिळायला.

मग लॅब. खड्ड्याच्या भिंतीतून मातीचा ठोकळा न हलवता कापून काढतात, वरची बाजू कुठली त्याचा बाण काढतात, सुकवून त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारा डिंकासारखा द्रव मुरवतात, दगडासारखा झाला की काप काढून 0.03 मिलिमीटरपर्यंत घासतात. मायक्रोस्कोपखाली ते बघायला मला अजूनही आवडतं. पाणी मुरून बसलेली शुद्ध चिकणमाती मातीच्या भेगांच्या कडेने सोनेरी पापुद्र्यासारखी चमकते, आणि जमीन उघडी पडलेली किंवा नांगरलेली असेल तर तोच पापुद्रा मळकट, धुळकट. गुरं बांधत असतील तर शेणातले चुन्याचे सूक्ष्म गोळे दिसतात, पोलराइज्ड उजेडात प्रत्येकावर काळी फुली. गवतांच्या पेशींतली सिलिका कुजत नाही, तिच्या आकारावरून भात की आणखी कुठलं गवत ते बऱ्यापैकी ओळखता येतं.

फॉस्फेट पण मोजतात. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियसने 1930च्या आसपासच दाखवलं होतं की जुन्या वस्तीच्या जागी ते वाढलेलं असतं. तुमच्याकडे मात्र वरच्या थरात मामांचं डीएपी, म्हणजे फॉस्फेटचं खतच मोजलं जाईल!

आणि एवढं सगळं करूनसुद्धा वाद होतातच. गुरदीप सिंग यांनी 1970च्या दशकात राजस्थानातल्या सांभर, डिडवाना, लुंकरणसर या तलावांच्या गाळातले पराग तपासले, धान्यासारखे मोठे पराग आणि कोळशाचे कण एकत्र मिळाले, आणि त्यांनी म्हटलं की इ.स.पू. 7500च्या सुमाराला लोक झाडोरा जाळून काहीतरी पेरत असावेत. आता काही रानगवतांचे परागही तेवढेच मोठे असतात आणि आग काय आपोआपही लागते, त्यामुळे बऱ्याच जणांना ते पटलं नाही. मलाही एका पुराव्यावर शेती ठरवणं पटत नाही, तास, पराग, सिलिका, शेण यातल्या दोन-तीन गोष्टी एकाच थरात मिळाल्या तर बोला.

तुमचं एक बरं आहे की शेत गोराडू, म्हणजे वाळूमिश्रित भुसभुशीत मातीत आहे. हेच करजणकडच्या काळ्या मातीत असतं तर उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची खापरी सरळ हातभर खाली जाते आणि पावसात माती फुगून भेग मिटते, मग थराचा भरवसा काय ठेवणार? आणि मही नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत जी लाल माती दिसते तिच्यात कृपा करून शेती शोधू नका, ती शेतीच्या फार आधीची आहे, हवामानाची गोष्ट सांगते.

आता खापऱ्या. चाकावर घडवलेल्या किंवा चकाकी दिलेल्या असतील आणि पट्ट्यातच घट्ट बसलेल्या असतील, उंदराच्या बिळातून आलेल्या नसतील, तर पट्टा त्यांच्यापेक्षा जुना असू शकत नाही, म्हणजे आदिमानव बाद. नदीकाठच्या भागात कमरेएवढा गाळ साचायला काही शतकंही पुरतात. मामांना सांगा, जेसीबी त्या बाजूला थांबवा, भिंत खुरपीने साफ करून मोजपट्टी लावून फोटो काढा, खापऱ्या किती खोलीवर होत्या ते लिहून ठेवा आणि सगळं घेऊन पुरातत्त्व विभागात दाखवा. मातीचं वय काढायचं झालं तर ऊन न लागू देता पाईप ठोकून नमुना घ्यावा लागतो, म्हणून मोकळी माती पिशवीत भरून नेऊ नका, तिचा उपयोग नाही.