दहा आठवडे आधी जन्मलेलं बाळ आईकडे बघत नाही, मान फिरवतं. असं का?

तुम्ही लिहिलंय की वहिनींचं बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मलं, वजन १२०० ग्रॅम, आणि दीड महिना एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहून आता घरी आलंय. वहिनी एकतर त्याला घ्यायला घाबरतात, नाहीतर चुटक्या वाजवून, खुळखुळा हलवून सारखं जागं करू बघतात. बाळ तोंड फिरवतं, आणि तुमच्या आई म्हणतात, "हिला मायाच नाही."

मायेचा इथे काही संबंध नाही. वय मोजताना दहा आठवडे वजा करा: हे बाळ आत्ता खरं तर पोटातच असायला हवं होतं. माणूस बघून हसणं प्रसूतीच्या मूळ तारखेनंतर सहा ते आठ आठवड्यांनी येतं, म्हणजे जन्मापासून जवळपास चार महिन्यांनी. शेजारच्या बाळाशी तुलना केली की आईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

शिवाय अशा बाळाच्या खुणा फार पुसट असतात. भूक लागली तरी ते जोरात रडत नाही. नुसते ओठ हलवतं, हात तोंडाकडे नेतं. उत्तर मिळेना म्हणून आई आवाज वाढवते, बाळाला ते झेपत नाही, ते आणखी मिटतं. "पुरे" हेही ते बोलून दाखवतंच: पंजा फाकवतं, पाठ ताणतं, नजर वळवतं, लागोपाठ जांभया, शिंका, उचक्या देतं. अशा वेळी थांबायचं. हात छातीशी दुमडून, डोकं आणि पाय आपल्या तळव्यांनी अलगद धरून ठेवायचं, थोपटायचं नाही. बाळ सैल पडून पुन्हा बघू लागलं की एका वेळी एकच गोष्ट: एकतर चेहरा (साधारण २० ते ३० सेंमीवर), किंवा आवाज, किंवा स्पर्श. दूध पाजताना गप्पा नकोत, कारण चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ जेमतेम चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो.

आता वहिनींची बाजू. एनआयसीयूत काचेच्या पेटीच्या भोकातून हात घालून बाळाला शिवायचं, तेही परवानगीने. मॉनिटर वाजला की काळजात धस्स. दर दोन-तीन तासांनी दूध काढायचं. वर बीपी किंवा सिझेरियन असेल तर स्वतःचंच अंग धड नाही. शिवाय येणारा-जाणारा प्रत्येक जण "आज वजन किती?" एवढंच विचारतो. मग आईही बाळाकडे काट्यावरच्या आकड्यासारखी बघू लागते. (हा प्रश्न घरात आठवडाभर बंद करून बघा.)

सगळ्यात उपयोगी पडते ती कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी अंगाला अंग लावून धरणं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस दिवसाला ८ ते २४ तासांची आहे. घरी जमेल तितकं वाढवा, पण एकदा घेतलं की निदान तासभर. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे, डोकं एका कुशीला, हनुवटी किंचित वर. मान पुढे पडली तर श्वासनलिका दबते, हे विसरू नका. वरून सुती कापडाने बांधायचं आणि आईने थोडं मागे रेलून बसायचं. मधे दादांनी घेतलं तरी चालतं, तेवढीच वहिनींना झोप.

रडू, धास्ती, झोप न लागणं दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं असेल तर तो बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांना सांगाच, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. जीव नकोसा होतोय असं त्या म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक गोष्ट मात्र आजच फाइलमध्ये बघा: डोळ्यांच्या पडद्याची, म्हणजे आरओपीची (वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्याला होणाऱ्या आजाराची) तपासणी झाली का. एवढ्या लहान बाळाची ती जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हायला हवी. राहिली असेल तर उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे न्या, आणि झाली असेल तर पुढची तारीख चुकवू नका.