बाबांचं ड्रायव्हिंग थांबवायचंय? आधी एवढं करा

आधी दोन-चार वेळा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसा आणि न बोलता बघा. ब्रेक उशिरा लागतोय का? वळताना बाजूने येणारी दुचाकी दिसते का? बंपरवरचे नवे ओरखडेही बरंच सांगून जातात.

मग डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूमुळे समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, पण त्यावर ऑपरेशन आहे. काचबिंदूत बाजूचं दिसेनासं होतं, ते परत येत नाही. झोप आणणाऱ्या गोळ्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:
- किल्ली लपवणं. विश्वास जातो, आणि दुसरी किल्ली निघतेच.
- सगळ्या भावंडांनी एकदम घेरणं. ज्याचं ते ऐकतात त्या एकानेच निवांत बोलावं.
- सोय न लावता ‘आता बंद’ म्हणणं. दवाखाना, बाजार आणि मुख्य म्हणजे मित्रांकडे जायचं कसं, हे आधी ठरवा. माणसं तुटली की बाबा खचतात.

नजर थोडीच कमी झाली असेल तर आधी रात्रीचं आणि हायवेचं ड्रायव्हिंग सोडायला सांगा. पण रोजचा रस्ता चुकत असतील किंवा ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला असेल, तर टप्पे नकोत, त्याच दिवशी थांबवा. लायसन्सचं नंतर बघू.