गाडीचा विमा: हप्ता किती यापेक्षा क्लेम किती मिळेल ते विचारा

पावसाळा तोंडावर आला की वाचकांच्या प्रश्नांचा ढीग वाढतो आणि बहुतेकांचा रोख एकच असतो, सगळ्यात स्वस्त पॉलिसी कुठे मिळेल? मी मोटार विम्याचा परवानाधारक सर्व्हेअर आहे. पॉलिसी विकत नाही. अपघातानंतर गाडी तपासून नुकसानीचा अहवाल देणं हे माझं काम. गॅरेजच्या दारात बिल हातात घेऊन उभी असलेली माणसं मी रोज बघतो. "हे पॉलिसीत नाही असं कुणी सांगितलंच नाही," हे वाक्य ऐकून आता त्रास होतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देतो आहे.

कोणती विमा कंपनी सगळ्यात चांगली? एकच नाव सांगा. (वाचक, सातारा)

नाव सांगणार नाही, कारण साताऱ्यात चांगली सेवा देणारी कंपनी गडचिरोलीतही तशीच देईल याची खात्री नाही. तुम्ही गाडी जिथे दुरुस्तीला नेता त्या वर्कशॉपमध्ये जा. कोणत्या कंपन्यांचं कॅशलेस (कंपनी बिल थेट गॅरेजला देते ती सोय) तिथे चालतं, कुणाची मंजुरी लवकर येते आणि कुणाची फाईल अडकून पडते, हे बॉडी शॉपच्या सुपरवायझरला तोंडपाठ असतं. दोन गॅरेजमध्ये विचारा, म्हणजे एकाच्या मर्जीवर विसंबावं लागणार नाही.

जाहिरातीत 'क्लेम रेशो' नावाचा आकडा ठळक छापतात. त्यात काय मोजलंय ते आधी विचारा. जमा झालेल्या हप्त्यांच्या तुलनेत क्लेमवर किती पैसे गेले हे एक गुणोत्तर, आणि आलेल्या क्लेमपैकी किती निकाली निघाले हे दुसरं. दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. शिवाय 'निकाली' म्हणजे तुम्हाला पूर्ण पैसे मिळाले असं नव्हे.

एका एजंटने थर्ड पार्टी विमा 'खास सवलतीत' देतो म्हटलंय. घ्यावा का? (वाचक, लातूर)

थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवतं आणि तो सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७, अधिक जीएसटी. यात कुणी सवलत देत असेल तर पॉलिसी खरी आहे का, ते पैसे देण्याआधी कंपनीच्या कार्यालयात पडताळून घ्या.

गाडीला तीन वर्षं झाली, १२०० सीसी. तीन कोटेशन आलीत: १४,२००, १२,१०० आणि ११,३००. तिन्हींवर 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (थर्ड पार्टी आणि आपल्या गाडीचं नुकसान, दोन्ही) लिहिलंय, एनसीबीही (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) सारखाच आहे. मग महागडी का घ्यावी? (वाचक, नाशिक)

या प्रश्नासाठी जरा बसून घ्या.

तुम्ही कोटेशनची पूर्ण पानं पाठवलीत हे फार चांगलं केलंत, कारण मुख्य गोष्ट हप्त्याच्या आकड्यात नाही, खालच्या बारीक ओळींत आहे. ओन डॅमेजचे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर जानेवारी २००७ पासून खुले झाले. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपला दर लावते, आणि दर कमी न करताही हप्ता कमी दाखवता येतो. तुमच्या कागदांवर त्यातल्या दोन्ही युक्त्या दिसतात.

१२,१०० वाल्या कोटेशनमध्ये आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा उतरवलेली किंमत, ४,९०,००० धरली आहे. १४,२०० वालीत ती ६,००,००० आहे. तुमच्या मॉडेलची आजची शोरूम किंमत तुम्ही १० लाख लिहिलीय. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात लागते, म्हणून ६ लाख हा आकडा बरोबर आहे. गाडी चोरीला गेली तर स्वस्त पॉलिसीत १,१०,००० रुपये कमी मिळतील. वाचले किती? २,१००.

याहून मोठी गोम पुढे आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात, म्हणजे दुरुस्त करून न देता आयडीव्हीचे पैसे देतात. समजा मोठा अपघात झाला आणि दुरुस्ती ४ लाखांची निघाली. ६ लाखांच्या आयडीव्हीत मर्यादा साडेचार लाखांची, म्हणजे गाडी दुरुस्त होऊन परत मिळेल. ४,९०,००० च्या आयडीव्हीत मर्यादा ३,६७,५०० ची. तीच गाडी, तोच ठोका, पण इथे ती टोटल लॉसमध्ये जाईल आणि हातात आलेल्या पैशांत तुम्हाला तशी दुसरी गाडी बाजारात शोधावी लागेल.

आता ११,३०० ची. आयडीव्ही ६ लाखच आहे, पण 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' समोर १५,००० लिहिलंय. म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले १५,००० मी स्वतः भरेन, असं तुम्ही कबूल करता. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची कपात असतेच, तीही यात मिळवा. तुम्ही हा रकाना स्वतः भरला होता का? बहुतेक नाही. ऑनलाइन तुलना करताना आकडा खाली यावा म्हणून तो कुणीतरी भरून ठेवतो आणि आपण फक्त हप्ता बघतो.

नेहमी माझ्यासमोर येणारं एक बिल मांडतो. पुढून धडक, बिल ४२,००० चं, जीएसटी बाजूला ठेवू. बंपर ९,०००. प्लास्टिकला ५० टक्के घसारा, मंजूर ४,५००. हेडलाइट ८,०००, तोही प्लास्टिकचा, मंजूर ४,०००. बोनेट १२,०००, पत्र्याला या वयात २५ टक्के घसारा, मंजूर ९,०००. मजुरी ५,०००, पूर्ण मंजूर. रंगकाम ८,०००. एकत्र बिलात रंगाच्या मालाचा भाग २५ टक्के धरतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणून मंजूर ७,०००. बेरीज २९,५००. पहिल्या दोन पॉलिसींत १,००० वजा होऊन २८,५०० मिळतील. तिसरीत १६,००० वजा, म्हणजे १३,५००. ४२,००० च्या बिलावर साडेतेरा हजार! शिवाय क्लेम घेतला म्हणून पुढच्या वर्षीचा एनसीबी शून्यावर येईल, तो वेगळाच.

माझी कळकळीची विनंती आहे. आधी तिन्ही कोटेशनमध्ये आयडीव्ही सारखी करून घ्या, डिडक्टिबल सारखं करून घ्या, जोडकवच (जादा हप्ता भरून मूळ पॉलिसीला जोडायचं संरक्षण) सारखी करून घ्या. मगच हप्ता बघा. नव्या आकड्यांसह कोटेशन लेखी मागवा आणि सही करण्याआधी ती कंपनीच्या कार्यालयात किंवा परवानाधारक ब्रोकरकडून समजून घ्या.

नवी गाडी घेतोय. शोरूमवाले म्हणतात विमा आमच्याकडूनच, नाहीतर डिलिव्हरी नाही. (वाचक, जळगाव)

अशी सक्ती करता येत नाही. विमा कंपनी निवडण्याचा हक्क गाडीमालकाचा आहे. नव्या मोटारीला सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण ओन डॅमेज एका वर्षाचाच घेता येतो. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि शोरूमला दाखवा, त्यांचा आकडा बऱ्याचदा तिथेच खाली येतो. तरी अडवलं तर 'देणार नाही' हे लेखी मागा.

२०२१ च्या पुरात शेजाऱ्यांची गाडी बुडाली. झिरो डेप असूनही इंजिनचे पैसे नाकारले. मग झिरो डेप कशासाठी घ्यायचं? (वाचक, चिपळूण)

झिरो डेपला बाजारात 'बंपर टू बंपर' म्हणतात आणि या नावानेच घात केलाय. वर नाशिकच्या उत्तरात प्लास्टिकवर, पत्र्यावर जो घसारा कापला, तो कापला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते जरूर घ्या, पण वर्षात किती क्लेमला लागू आहे ते विचारा. अनेक पॉलिसींत दोनची मर्यादा असते.

पुराचं नुकसान मूळ ओन डॅमेजमध्ये येतं. सीट, गालिचे, वायरिंग, गाळ काढणं, हे सगळं त्यात बसतं. वाद होतो तो इंजिनवरून. पाणी ओसरलं की माणूस काळजीपोटी पहिली गोष्ट करतो ती म्हणजे किल्ली फिरवतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन मी उघडून बघितलंय. पुराचं पाणी रॉड वाकवत नाही, स्टार्ट केल्याने तो वाकतो. म्हणून कंपनी त्याला पुराचं थेट नुकसान मानत नाही, त्यानंतरच्या कृतीचा परिणाम मानते.

यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे वेगळं जोडकवच असतं. वाशिष्ठीकाठी, पंचगंगाकाठी, मुंबईच्या सखल भागात किंवा तळघरात पार्किंग असणाऱ्या प्रत्येकाने ते घ्यावंच. पण त्याची शब्दरचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते. काही ठिकाणी बुडालेली गाडी पुन्हा स्टार्ट केली किंवा बाहेर काढायला उशीर केला तर हेही कवच लागू होत नाही. ते कलम कंपनीकडून ई-मेलवर मागवून वाचा.

आणि गाडी बुडालीच तर किल्लीला हात लावू नका. पाण्याची रेघ दाराच्या आतल्या कापडावर, सीटवर उमटते, तिचे फोटो काढा. कंपनीला कळवा आणि गाडी टोचन करून वर्कशॉपला न्या. मी पोचलो की पहिल्यांदा एअर फिल्टरचा डबा उघडतो. आतला कागद कोरडा असेल तर पाणी तिथवर पोचलेलं नसतं आणि इंजिन वाचण्याची आशा असते. गाडी इलेक्ट्रिक असेल तर तिला स्वतः काहीही करू नका, कंपनीचा तंत्रज्ञ येऊ द्या.

आमची खासगी गाडी सीझनमध्ये पर्यटकांना भाड्याने देतो. विमा चालेल का? (वाचक, पेडणे)

नाही. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही आणि अपघातात ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जाईल. भाड्याची गाडी हवी असेल तर परिवहन खात्याकडून रीतसर परवाना घ्या आणि तसाच विमा उतरवा.

जुनी गाडी घेतली. मालकाचा ५० टक्के एनसीबी मला मिळेल ना? (वाचक, अकोला)

मिळणार नाही. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पॉलिसी नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा. विकणाऱ्याने आपल्या कंपनीकडून एनसीबीचं प्रमाणपत्र घ्यावं, नव्या गाडीला ते तीन वर्षांपर्यंत चालतं. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढलंय ना, तेही याच फेरीत बघून घ्या.

पॉलिसी संपून चाळीस दिवस झाले. दिवाळीत ऑफर येतात, तोवर थांबू का? (वाचक, पनवेल)

थांबू नका. आजच करा, आणि तोपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे, पण मला त्याची काळजी नाही. या दिवसांत तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती तुमच्या घरादारावर येईल. मृत्यू किंवा दुखापतीच्या अशा भरपाईला रकमेची मर्यादा नसते. वर, ९० दिवस उलटले की साठवलेला एनसीबीही जाईल. मुदत गेलेली असल्याने कंपनी गाडीची तपासणी करेल, त्याची वेळ आजच ठरवा.

गॅरेजवाला म्हणतो, एकाच क्लेममध्ये जुने डेंटही काढून देतो. (वाचक, सांगली)

करू देऊ नका. नव्या ठोक्याचा पत्रा चकचकीत असतो, जुन्याच्या कडेला गंज आणि पॉलिश धरलेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग खऱ्या नुकसानीकडेही संशयाने बघितलं जातं आणि क्लेम फॉर्मवर सही तुमची असते, गॅरेजवाल्याची नाही.

क्लेम नाकारलाय. एजंट 'बघतो, बघतो' म्हणत पाच महिने झाले. (वाचक, कोल्हापूर)

एजंटकडे बघत बसण्यात तुमची मुदत चाललीय. नकार लेखी घ्या, त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलंय ते बघा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घेऊन. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तुमच्यासाठी कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तिथे पोचावं लागतं. ग्राहक आयोगात आधीच दावा लावला असेल तर मात्र लोकपाल प्रकरण घेत नाही. म्हणून कुठे जायचं ते एखाद्या वकिलाशी बोलून या आठवड्यातच ठरवा. जाताना पॉलिसी, क्लेम फॉर्मची प्रत, बिलं आणि नकाराचं पत्र एका फाईलमध्ये लावा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.