‘नास्तिक’ : नेमकं काय नसलेला?

प्रश्न असा आहे : “पाचवीतल्या आमच्या मुलानं वर्गात सांगितलं, ‘आम्ही घरी सगळे नास्तिक आहोत.’ बाई म्हणाल्या, ‘असं वाईट बोलू नये.’ नास्तिक हा शब्द वाईट आहे का? आणि नास्तिक, निरीश्वरवादी, अज्ञेयवादी, निधर्मी यांतलं आम्हांला काय लागू पडेल? आम्ही देव मानत नाही, पण दिवाळीत आकाशकंदील लावतो.”

शब्द वाईट नाही, पण बाईंचा कानही अगदीच चुकला असं मला वाटत नाही. मराठीत हा शब्द शांतपणे उच्चारलेला फार कमी ऐकू येतो. मी सात वर्षांचा असताना नैवेद्य दाखवण्याआधी पातेल्यातल्या मोदकाला हात लावला होता, तेव्हा आजी कडाडली होती, “नास्तिक मेला!” देवाबद्दल माझं काहीच मत नव्हतं. जे काही मत होतं ते मोदकाबद्दल होतं. आजीच्या लेखी नास्तिक म्हणजे सोवळंओवळं, नैवेद्य, नमस्कार यांतलं काही न पाळणारा, म्हणजे विचारांपेक्षा वागण्याला लावलेलं नाव. आपल्या बोलीत ते आजही बऱ्याच अंशी तसंच आहे.

मुळात मात्र गंमत अशी की ‘नास्तिक’ या शब्दात देव कुठेच नाही. अस्ति म्हणजे आहे, नास्ति म्हणजे नाही. ‘नाही’ असं ज्याचं मत तो नास्तिक. काय नाही, ते शब्द सांगत नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्र आहे, ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’. आस्तिक, नास्तिक, दैष्टिक हे तीन शब्द कसे बनतात एवढंच ते सांगतं. रिकामी जागा भरली ती नंतरच्या टीकाकारांनी. काशिकावृत्ती ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका म्हणते, परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक आणि त्याच्या उलट तो नास्तिक. म्हणजे भांडण मेल्यानंतर काय होतं यावर होतं. मनुस्मृतीत तीच जागा वेदानं भरलेली दिसते : ‘नास्तिको वेदनिन्दकः’. जो तर्काच्या आधारानं श्रुतिस्मृतींचा अवमान करील त्याला साधूंनी बाहेर काढावं, असं तो श्लोक सांगतो. पुढे केव्हातरी त्या जागी ईश्वर येऊन बसला आणि आपण समजतो की तो पहिल्यापासून तिथेच होता.

यामुळे आज विचित्र वाटतील अशा जोड्या जुन्या ग्रंथांत सापडतात. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही आस्तिक दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरा, पण जुन्या सांख्याला जगाचा कर्ता म्हणून ईश्वर लागत नाही आणि मीमांसकांचा यज्ञ त्याच्यावाचून फळ देतो. वेद मानले, की आस्तिक. जैन आणि बौद्ध परलोक, पुनर्जन्म, कर्म सगळं मानतात, पण वेद प्रमाण मानत नाहीत म्हणून नास्तिकांच्या यादीत. फक्त परलोक, वेद, ईश्वर यांतलं काहीच न मानणारा चार्वाक कोणतीही व्याख्या घेतली तरी नास्तिकच ठरतो. त्यावरही आ. ह. साळुंखे यांनी आपल्या पुस्तकाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असं नाव देऊन शब्द उलटाच फिरवला : जे डोळ्यांसमोर आहे त्याला ‘आहे’ म्हणणारा तो खरा आस्तिक. हा निव्वळ शब्दखेळ नाही. रिकामी जागा आहे म्हटल्यावर ती कोणीही भरू शकतो, चार्वाकाच्या बाजूचाही.

जाता जाता त्या सूत्रातल्या तिसऱ्या भावाबद्दल. ‘दैष्टिक’ म्हणजे कोण? काशिका सांगते, ज्याची बुद्धी प्रमाणाला धरून चालते तो. आज आपण विवेकवादी म्हणतो तो जवळपास हाच! पण ‘दिष्ट’चा दुसरा अर्थ नशीब, त्यामुळे कोशांत दैष्टिक म्हणजे दैववादी असंच सापडतं. इतका चांगला शब्द नशिबानं नेला.

तुमच्या आकाशकंदिलाशी ज्याचं जमेल असा एक माणूस वाल्मीकी रामायणात आहे. अयोध्याकांडात भरताबरोबर आलेला जाबाली रामाला परत नेण्यासाठी युक्तिवाद करतो. म्हणतो, लोक अष्टका श्राद्ध घालतात, ही अन्नाची नासाडी बघ, मेलेला माणूस काय खाणार? इथे जेवलेलं दुसऱ्याच्या पोटी पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याच्या नावानं घरीच श्राद्ध घाला, शिदोरी कशाला बांधून देता? (काशिकेतला परलोकाचा मुद्दा हाच, फक्त जेवणाच्या भाषेत.) राम संतापतो. मग जाबाली म्हणतो, मी नास्तिक नाही, वेळ पाहून पुन्हा आस्तिक झालो आणि वेळ आली तर पुन्हा नास्तिकही होईन. गणपतीत आईसाठी आरतीला उभे राहणारे आणि टाळ्याही ठेक्यात वाजवणारे माझे निम्मे मित्र याच गोत्राचे आहेत.

आता तुमच्याच वाक्याकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे. तुम्ही लिहिलंत, ‘आम्ही देव मानत नाही.’ मराठीत ‘मानणे’ दोन कामं करतं. ‘तू भुतं मानतोस का?’ म्हणजे भुतं असतात असं तुला वाटतं का. पण ‘तो बापालाही मानत नाही’ या वाक्यात बाप आहे की नाही असा वाद नाही. बाप समोर खुर्चीत बसलाय, पोरगा त्याला जुमानत नाही. ‘तो कुणालाच मानत नाही’ म्हणजे तर सरळ उर्मट. फरक करतो तो एवढासा ‘ला’. ‘देव मानत नाही’ हे अस्तित्वाबद्दलचं मत झालं, ‘देवाला मानत नाही’ हा उद्धटपणा झाला. बोलताना लोक दोन्ही सरमिसळ वापरतात हे खरं, पण ऐकणाऱ्याच्या कानात नेहमी दुसराच अर्थ आधी वाजतो. नास्तिक म्हटलं की समोरच्याला मत न ऐकू येता अपमान का ऐकू येतो, याचं निम्मं उत्तर मला या क्रियापदात दिसतं. हल्ली ‘देवावर विश्वास नाही’ असं म्हणतात. ते इंग्रजीवरून आलेलं आहे, आणि मराठीत विश्वास नसतो तो उधार मागणाऱ्यावर. त्यापेक्षा तुकोबांचं बघा : ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनी अनुभवावा ॥’ मानणं, विश्वास काहीच नाही, नुसतं ‘आहे’ आणि ‘नाही’, म्हणजे अस्ति आणि नास्ति. आणि तुकोबांना त्यासाठी कोणी नास्तिक म्हणत नाही.

बाकीचे शब्द झटपट. निरीश्वरवादी हा सर्वांत नेमका : ईश्वर नाही असं मत, बस. लिहिताना तोच वापरावा, बोलताना जीभ अडखळते. अज्ञेयवादी हा भाषांतरानं आलेला. मूळ इंग्रजी शब्द जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी १८६९ मध्ये घडवला. देव आहे की नाही हे कळण्याचा मार्गच नाही असं म्हणणारा तो अज्ञेयवादी, ‘अजून ठरवलं नाही’ असं म्हणणारा नव्हे. आगरकरांना अभ्यासक याच रकान्यात घालतात. सनातनी पुण्याला असले बारकावे नको होते, त्यांनी आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. विवेकवादी आणि बुद्धिप्रामाण्यवादी हे शब्द देवाबद्दल थेट काहीच बोलत नाहीत, ठरवायचं कशाच्या जोरावर ते सांगतात. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं, तेव्हापासून विवेकवाद हा शब्द मराठीत चांगला रुळला. मला तो आवडतो, कारण त्यात ‘नाही’ नाही.

निधर्मीचं प्रकरण वेगळं आहे. देव न मानणं आणि धर्म नसणं या दोन गोष्टी आहेत. निरीश्वरवादी माणूस स्वतःला हिंदू, बौद्ध किंवा जैन म्हणवू शकतो. फॉर्मवर ‘धर्म’ असा रकाना असतो तिथे ‘नास्तिक’ लिहिणं म्हणजे भाषेच्या हिशोबानं ‘व्यवसाय’च्या रकान्यात ‘शाकाहारी’ लिहिण्यासारखं आहे. तिथे ‘निधर्मी’ किंवा सरळ ‘कोणताही धर्म नाही’ हे बरोबर. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलंच आहे की आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार कोणावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही. फक्त ‘निधर्मी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ एक समजू नका. धर्मनिरपेक्ष राज्य असतं, निधर्मी माणूस.

आणि कोणी ‘पाखंडी’ म्हटलं तर? हा शब्द तर नास्तिकापेक्षाही जास्त घसरलाय. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, सगळेच पंथ, आणि राजा त्या सर्वांचा मान करतो. त्याच लेखात ‘वचिगुती’ असा सुंदर शब्द आहे : जीभ आवरणं, म्हणजे प्रसंग नसताना आपल्या पंथाची बढाई आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा न करणं. ‘प्रसंग नसताना’ ही अट राजानंच घातली आहे, तेव्हा प्रसंग असेल तर हळू आवाजात बोलायला हरकत नसावी, असा अर्थ मी काढतो.

पाचवीचा वर्ग आणि बाईंचा थेट आक्षेप हा प्रसंग आहे असं धरायला हवं. मुलाला म्हणावं, पुढच्या वेळी ‘आम्ही देव मानत नाही’ असं सांग. ‘ला’ लावू नकोस. आणि बाईंनी ‘मग आकाशकंदील का लावता?’ असं विचारलंच, तर छान दिसतो म्हणून, असं खरं उत्तर द्यावं.